वाटीच्या वर बोट रुतत असेल तर

पत्र :
«माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. खानापूर तालुक्यात आमची भातशेती आहे. १० दिवसांपूर्वी भर पावसात गोठ्याची पायरी उतरताना त्यांचा अंदाज चुकला. पाय चिखलात रुतला, अंग मागं गेलं, 'कट्' असा आवाज आला आणि ते तिथंच बसले. गुडघा टम्म सुजला. एक्स-रे काढला, हाड शाबूत आहे म्हणाले, क्रेप बँडेज आणि गोळ्या दिल्या. मग गावातल्या एकाकडून चोळून घेतलं. सूज उतरली, दुखणंही कमी झालं. पण खाटेवर पडल्या पडल्या पाय उचलता येत नाही आणि चालताना गुडघा एकदम मुडपतो. वाटीच्या वर बोट लावलं तर खड्डा लागतो. काल बेळगावात हाडांच्या डॉक्टरांनी 'टेंडन पूर्ण तुटलंय, लवकर ऑपरेशन करा' म्हणून सांगितलं. नातेवाईक म्हणतात, दुखणं कमी होतंय म्हणजे आतून जुळतंय, आधी रोप लावणी आटोपू दे. बाबांना १२ वर्षं साखर आहे. महिन्याभरापूर्वी लघवीच्या त्रासासाठी अँटिबायोटिकचा कोर्सही झाला होता. ऑपरेशन खरंच लागेल का? बाबा पुन्हा मांडी घालून बसतील का, बांधावर चालतील का?»
– एक वाचक, खानापूर तालुका

ताई,

ऑपरेशन लागेल, आणि ते याच आठवड्यात व्हायला हवं. तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी एकत्र आल्या की फारशी शंका उरत नाही: पाय सरळ ठेवून उचलता न येणं, वाटीच्या वर खड्डा लागणं आणि चालताना गुडघा दगा देणं. डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलंय. १० दिवस गेले तरी वेळ हातची गेलेली नाही. पहिल्या २ ते ३ आठवड्यांत टाके पडले तर तुटलेली टोकं सहसा ओढून एकत्र आणता येतात. रोप लावणी भावकीतलं, शेजारचं कुणीही करील. बाबांच्या गुडघ्याला मात्र एवढेच दिवस आहेत.

दुखणं कमी झालं म्हणून जुळतंय, हा समज चुकीचा कसा ते आधी सांगतो, कारण घरात हाच वाद चालू असणार. विहिरीवरची मोट बाबांनी पाहिलेली असेल. बैल ओढतात, नाडा ताणला जातो, चाकावरून फिरतो आणि मोट वर येते. मांडीच्या पुढच्या बाजूचा चार पदरी मोठा स्नायू म्हणजे बैल. डॉक्टर त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. त्याचे चारही पदर खाली एका जाड, चपट्या दोरात एकत्र येतात आणि तो दोर वाटीच्या वरच्या कडेला चिकटतो. हा दोर म्हणजे टेंडन, मराठीत कंडरा. वाटी म्हणजे चाक. वाटीच्या खालून दुसरी कंडरा निघते आणि नडगीच्या वरच्या उंचवट्यावर धरते. ही सगळी साखळी शाबूत असली तरच गुडघा सरळ होतो. बाबांचे बैल तगडे आहेत, चाकही शाबूत आहे, तुटलाय तो नाडा. बैलांनी कितीही ओढलं तरी मोट जागची हलणार नाही.

दुखत होतं ते सांध्यात साठलेल्या रक्तामुळं आणि सुजेमुळं. रक्त शोषलं गेलं की दुखणं उतरतंच, मग नाडा जोडलेला असो वा नसो. उलट आतमध्ये रोज थोडं थोडं बिघडत जातं. मांडीचा स्नायू तुटलेलं टोक आपल्याकडं वर ओढत राहतो आणि मधल्या फटीत नरम, कुचकामी पेशी भरतात. बाबा चालू शकतात यावरही जाऊ नका. सपाट जमिनीवर गुडघा मागं दाबून, काठीसारखा कडक करून, कंबरेतून पाय पुढं फेकत माणूस चालू शकतो. पायरी, उतार किंवा बांध आला की तोच गुडघा घात करतो.

एक खूण घरच्यांसमोर करून दाखवा. बाबांना खाटेवर उताणं झोपवा. आधी चांगला पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलायला सांगा. मग दुखरा पाय तसाच उचलायला सांगा. टाच खाटेवरून सुटतच नसेल, किंवा मांडी उचलली जाते पण नडगी मागं लोंबत राहते असं दिसलं, तर साखळी तुटलेली आहे. ही खूण एकदाच दाखवा. रोज रोज जोर लावून बघायची ती गोष्ट नाही.

पहिल्या दिवशी हे डॉक्टरांच्या नजरेतून का सुटलं? ही दुखापत सुटण्यासाठी कुप्रसिद्धच आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, कंडरा दिसत नाही. ताज्या सुजेत खड्डा रक्तानं भरून गेलेला असतो, बोटाला लागत नाही. पाय उचलता येत नाही त्याचा दोष दुखण्यावर जातो. तो जुना एक्स-रे फेकून दिला नसाल तर बरोबर न्या. बाजूनं काढलेल्या फोटोत वाटी नेहमीपेक्षा खाली सरकलेली दिसते, कधी वरच्या कडेला हाडाचा छोटा कपचाही दिसतो. सोनोग्राफीत तूट सरळ दिसते. एमआरआय उपयोगाचा असतो तो अर्धवट तूट असेल किंवा शंका असेल तेव्हा. खड्डा लागतोय, पाय उचलत नाही, सोनोग्राफीतही तूट दिसतेय, अशा वेळी एमआरआयच्या तारखेसाठी आठवडा घालवायचं कारण नाही. तसं डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

अर्धवट तुटलेल्या कंडरेला ऑपरेशनशिवाय बरं करता येतं, हे खरं आहे. तुमच्या नातेवाइकांनी कदाचित असाच कुणी पाहिला असेल. पाय सरळ उचलता येत असेल तर गुडघा ४ ते ६ आठवडे सरळ बांधून ठेवतात आणि मग व्यायाम सुरू करतात. पूर्ण तुटलेल्याला तो मार्ग नाही.

आता कंडरा का तुटली, हे थोडक्यात. पायरी चुकली की पाऊल जमिनीत रोवलेलं, गुडघा थोडा वाकलेला आणि पडू नये म्हणून मांडीचा स्नायू जीव खाऊन आखडलेला असतो. त्याच वेळी अंगाचं वजन गुडघ्याला वाकवू पाहतं. दोन्हीकडून ताण आला की वाटीच्या वर साधारण २ सेंटिमीटरच्या पट्ट्यात कंडरा फाटते. तिथं रक्तपुरवठा मुळातच कमी असतो. चाळिशीनंतर हे जास्त होतं. १९९७ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या उजव्या पायाची हीच कंडरा पायऱ्यांवर अडखळून फाटली होती. ते ५० वर्षांचे होते. त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि पुढच्या आठवड्यात ते चाकाच्या खुर्चीतून हेलसिंकीच्या शिखर बैठकीला गेले.

पण धडधाकट कंडरा सहसा एका चुकलेल्या पायरीनं तुटत नाही. आधीपासून ती कुठंतरी पोखरलेली असते. लांबलेला मधुमेह, किडनीचा आजार, गाऊट, संधिवात, स्टेरॉइड ही त्याची नेहमीची कारणं. म्हणून ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत किडनीसाठी क्रिएटिनिन आणि गाऊटसाठी युरिक ॲसिड आहे ना ते बघा. लघवीच्या त्रासासाठी घेतलेल्या गोळ्यांची पट्टी शोधा. त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन असं नाव असेल तर डॉक्टरांना दाखवा. या जातीच्या औषधांनी कंडरा कमजोर होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००८ पासून त्यावर तसा ठळक इशारा छापायला लावलाय. यापुढं कुठल्याही दवाखान्यात गेलात तर 'यांची कंडरा तुटली होती' हे आधी सांगा, म्हणजे दुसरं अँटिबायोटिक देता येईल. बाबा सांधेदुखीसाठी बिनलेबलच्या पुड्या घेत असतील तर तेही लपवू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

ऑपरेशनपर्यंतचे दिवस

चोळणं आजपासून बंद. चोळणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण फाटलेली कंडरा चोळून जुळत नाही आणि गुडघा बळेच वाकवला तर फट वाढते. गुडघ्याला लेप, पाला, चुना काही लावू नका, आणि बिब्बा तर मुळीच नको. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात. जिथून चीर घ्यायची तिथंच जखम असेल तर सर्जनला ऑपरेशन पुढं ढकलावं लागतं, आणि हातातले दिवस असे फुकट जातात. गुडघा सरळ ठेवणारा लांब पट्टा मिळतो, त्याला नी इमोबिलायझर म्हणतात. तो आजच आणून बांधा. बाबांनी त्यातच, वॉकर धरून, गरजेपुरतंच चालावं.

साखरेबद्दल एक गैरसमज सगळीकडं आहे: तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, खाली आल्याशिवाय ऑपरेशन नको. गुडघ्याचा सांधा बदलायचा असता तर थांबणं योग्यच होतं. पण तो आकडा गेल्या तीन महिन्यांचा हिशेब असतो, आठवड्याभरात तो हलत नाही. इथं बघायची ती रोजची साखर. ऑपरेशनच्या आसपास ती १४० ते १८० च्या दरम्यान राहावी म्हणून गरज पडल्यास काही दिवस इन्सुलिन देतात. इन्सुलिन एकदा सुरू झालं की सुटत नाही, या भीतीनं नको म्हणू नका. जखम भरली की बहुतेकांना परत गोळ्यांवर आणतात. बाबांच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ती ३ दिवस आधी थांबवतात. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तीही सांगायला हवी. स्वतःच्या मनानं मात्र कुठलीच गोळी बंद करू नका, सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून भूल देणाऱ्या डॉक्टरांसमोर ठेवा.

तंबाखू. निपाणीच्या पट्ट्यात आणि आपल्याकडंही ती खिशातली वस्तू आहे, म्हणून विचारतो. बाबा चुना लावून मळत असतील तर आजपासून किमान ३ महिने बंद करायला लावा. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि जिथं मुळातच रक्त कमी पोचतं त्या जागेचे टाके मग उशिरा भरतात.

कुठं करायचं, खर्च कसा बघायचा

हे ऑपरेशन हाडांच्या अनुभवी सर्जनला नवं नाही. बेळगावात ते होतं, त्यासाठी मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. आपल्या भागातले पुष्कळ लोक कोल्हापूर-मिरजेला जातात. जायला हरकत नाही, पण एक विचार करा. ऑपरेशन एकदाच असतं, त्यानंतर दाखवायला आणि फिजिओथेरपीला किती खेपा होतील! बेळगाव ते कोल्हापूर एकशे दहा किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि तेही पाय सरळ ठेवून. शक्यतो जवळ करा.

रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी सरकारी दवाखान्यात जा. 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल असाल तर ठरलेल्या पॅकेजच्या ३० टक्के, दीड लाखापर्यंत. खासगी दवाखान्यात योजना लागू व्हायला सहसा सरकारी दवाखान्याचं रेफरल पत्र लागतं. ते आधी घ्या, नंतर मिळवताना धावपळ होते. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, ब्रेसचे, म्हणजे ऑपरेशननंतर पायाला बांधायच्या बिजागरीच्या पट्ट्याचे, पैसे पॅकेजमध्ये येतात का हे तिथंच विचारा. हद्द ओलांडून महाराष्ट्रात जाणार असाल तर आपलं कार्ड तिथं चालेल का, हे निघण्याआधी फोनवर पक्कं करा.

संमतिपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असेल. बाबांची सही घेण्याआधी त्यातलं प्रत्येक वाक्य मराठीत वाचून, समजावून मागा. रुग्णाचा तो हक्क आहे आणि कुणी सांगायला नाही म्हणत नाही. कन्नडमध्ये गुडघ्याला मोणकाल आणि वाटीला चिप्पु म्हणतात. एवढं कानावर असलं तरी नर्स-ब्रदर काय बोलतात ते अर्धं कळतं.

ऑपरेशनमध्ये काय करतात

कमरेत इंजेक्शन देऊन पाय बधिर करतात. गुडघ्यावर मधोमध उभी चीर घेतात, साठलेलं रक्त आणि कुजकट पेशी काढून तुटलेलं टोक ताजं करतात. मग न विरघळणारा जाड धागा कंडरेत दोन्ही कडांनी, साखळीसारखे अडकवत अडकवत, वरपर्यंत नेऊन परत आणतात. वाटीत वरून खाली तीन बारीक उभी भोकं पाडतात, धाग्याची टोकं त्यातून ओढून वाटीच्या खालच्या कडेला गाठी मारतात. वाटीच्या दोन्ही बाजूंचा पडदाही फाटलेला असतो, तोही शिवतात. भोकांऐवजी वाटीत छोटे खुंटे बसवून त्यांना धागा बांधायचीही पद्धत आहे. त्यांना सुचर अँकर म्हणतात. खर्च वाढतो, पण निकालात दोन्ही पद्धतींत मोठा फरक दिसत नाही. परवडत नसेल तर भोकांच्या पद्धतीचं ऑपरेशन कमी प्रतीचं आहे असं वाटून घेऊ नका.

दोन महिने थांबून गेलात तर हेच काम किती अवघड होतं ते बघा. टोक आखडून वर गेलेलं असतं, खाली येत नाही. मग कंडरेत उलट्या व्हीसारखा छेद देऊन ती लांबवावी लागते, नाहीतर मांडीच्या मागची दुसरी कंडरा काढून ठिगळ लावावं लागतं. पट्टा जास्त दिवस राहतो आणि गुडघ्याची ताकद तरीही कमी भरते.

पहिले सहा आठवडे

इथून पुढं बाबांचं आणि तुमचं काम. आम्ही जरा बारकाईनं लिहितो, कारण चांगलं झालेलं ऑपरेशन याच काळात घरी बिघडतं.

पायाला बिजागरीचा लांब ब्रेस असेल. बिजागरीवर ०, ३०, ६०, ९० असे आकडे आणि एक पिन असते. सुरुवातीला पिन ० वर, म्हणजे गुडघा पूर्ण सरळ. ब्रेस रात्रीही काढायचा नाही. झोपेत कूस बदलताना गुडघा नकळत वाकतो. रोज सकाळी बिजागरी वाटीच्या बरोबर बाजूला, मधोमध आहे ना ते बघा. मांडी बारीक होत जाते तसा ब्रेस नडगीकडं घसरतो. मग पट्टे घट्ट दिसतात, पण आत गुडघा वाकत असतो. घसरला तर झोपवून, पट्टे सोडून वर घ्या, आधी गुडघ्याजवळचे दोन पट्टे आवळा, मग टोकाचे. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, हाडाचा एक गोळा हाताला लागतो. तिथून पावलाची नस जाते. पट्टा त्यावर दाबून बसला तर पावलाची वरची बाजू बधिर होते, पंजा वर उचलत नाही. असं दिसलं तर लगेच सैल करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

झोपताना उशी गुडघ्याखाली नको. आराम वाटतो, पण गुडघा त्याच बाकात आखडतो. टॉवेलची गुंडाळी घोट्याच्या जरा वर ठेवा, म्हणजे टाच अधांतरी राहील. साखरेच्या माणसाला टाचेवर जखम व्हायला दोन दिवस पुरतात आणि पाय बधिर असेल तर त्याला ती कळतही नाही. टाच रोज डोळ्यांनी बघा. बर्फही कापडात गुंडाळून, १५ मिनिटंच, दिवसातून ३-४ वेळा.

सर्जनची परवानगी असेल तर ब्रेस सरळ लॉक करून त्या पायावर भार देता येतो. चालताना आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पंजे वरखाली करायचा व्यायाम पहिल्या दिवसापासून, जागं असताना दर तासाला २० वेळा. त्यानं पोटरीत रक्ताची गाठ व्हायची भीती कमी होते. टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी काढतात.

वाकवणं सुरू होतं ते बहुतेक ठिकाणी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून: आधी ३० अंशांपर्यंत, चौथ्या आठवड्याला ६०, सहाव्याला ९०. म्हणजे आठवड्याला साधारण १५ अंश. तुमच्या सर्जननी वेगळे आकडे दिले तर तेच पाळायचे. टाके किती घट्ट बसलेत ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. मोजायला घरातल्या मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक चालतो. मध्यबिंदू गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, सांध्याच्या रेषेवर धरा, एक रेघ मांडीच्या दिशेला, दुसरी घोट्याच्या दिशेला. पाय सरळ असताना तो शून्य धरायचा.

वाकवायचं कसं, ते नीट वाचा. खाटेच्या कडेला बसायचं. चांगल्या पायाचं पाऊल दुखऱ्या घोट्याच्या मागं अडकवायचं, त्याच्या आधारानं दुखरा पाय हळूहळू खाली सोडायचा, ठरलेल्या अंशावर १० मोजेपर्यंत थांबायचं आणि चांगल्या पायानंच परत वर आणायचा. दुखऱ्या पायानं स्वतः लाथ मारल्यासारखं वर यायचं नाही. खाली जाताना टाक्यांवर ताण मोजका असतो, स्वतःच्या जोरानं वर येताना सगळा भार टाक्यांवर पडतो. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. कुणी मांडी दाबून, घोटा धरून गुडघा वाकवायला लागला तर त्याला थांबवा, मग तो कितीही शिकलेला असो. दुसरीकडं, भीतीपोटी सहा आठवडे अजिबात न वाकवलेला गुडघा नंतर लाकडासारखा होतो, तेही नको.

शौचाला खाली बसायचं संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची ऑपरेशनआधीच आणा. बाबांसाठी जमिनीवरचं अंथरूण आता नको, दीड-पावणेदोन फूट उंचीची खाट हवी. न्हाणीतली शहाबादी फरशी पावसाळ्यात शेवाळून निसरडी होते. ती ब्लीचिंग पावडरनं घासून काढा, आणि ओली असताना बाबांनी एकट्यानं आत जायचं नाही. पहिल्या तीन महिन्यांत टाके पुन्हा तुटायला एक घसरण पुरते. दवाखान्यात जाताना मोटारसायकलच्या मागं बसवू नका, रिक्षा किंवा गाडीच्या मागच्या सीटवर पाय आडवा पसरून न्या.

त्यानंतर

सहा आठवड्यांनी स्वतःच्या जोरानं पाय उचलायला शिकवतात. एक गोष्ट बहुतेकांना घाबरवते: दुसरा कुणी सरळ करून दिला तर पाय पूर्ण सरळ होतो, पण स्वतः उचलताना शेवटचे ५-१० अंश वाकलेलाच राहतो. टाके तुटले असं लगेच समजू नका. स्नायू अशक्त झालाय. गुडघ्याखाली टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा, मांडी कडक करायची, ५ मोजायचं, सोडायचं. १० वेळांचे तीन फेरे, दिवसातून तीनदा. हा राहिलेला बाक जाईपर्यंत ब्रेस सोडायची घाई नको. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर दोन्ही मांड्यांचा घेर शिंप्याच्या टेपनं दर रविवारी मोजून लिहून ठेवा. बाबांना रोज फरक दिसणार नाही, आकड्यात दिसेल.

आठव्या ते दहाव्या आठवड्यात जागेवरची सायकल, बाराव्याच्या सुमारास गुडघा जवळजवळ पूर्ण वाकणं आणि भिंतीला पाठ टेकून थोडंसं खाली बसणं. तुमच्या दिनदर्शिकेत सांगायचं तर, जुलैत ऑपरेशन झालं तर दसऱ्याच्या आसपास बाबा सपाट रस्त्यावर काठीशिवाय चालत असतील. नोव्हेंबरमधली भातकापणी त्यांनी कट्ट्यावर बसून बघायची, वाफ्यात उतरायचं नाही. चिखलातले बांध पाच-सहा महिन्यांनी, भाताचं पोतं पाठीवर घेणं त्याहून नंतर आणि सर्जननी मांडीची ताकद तपासल्यावरच. सौंदत्तीला यल्लमाला जाणार असाल तर माघातल्या पुनवेचा विचार करा, त्याआधीच्या मार्गशीर्षातल्या पुनवेचा नको.

मांडी घालून बसणं पुष्कळांना ४ ते ६ महिन्यांत जमतं. उकिडवं बसणं सगळ्यात शेवटी येतं, आणि काहींना ते आधीसारखं पूर्ण येत नाही. आधीची सगळी ताकद परत यायला वर्ष लागू शकतं. हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा, तीन महिन्यांनी सांगितलं तर त्यांना फसवल्यासारखं वाटेल.

न थांबता दवाखान्यात न्यायचं ते अशा वेळी: १०१ च्या वर ताप, जखमेतून पू किंवा पाणी येणं, जखमेभोवती लाली पसरणं, एकाच पोटरीला सूज आणि दाबल्यावर दुखणं, पुन्हा 'कट्' आवाज येऊन पाय उचलणं बंद होणं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन करा.

घरी सोडतील त्या दिवशी सर्जनकडून एका कागदावर मराठी आकड्यांत एवढं लिहून घ्या: कुठल्या तारखेपासून किती अंश, पायावर भार किती, ब्रेस रात्री कधीपर्यंत, पाय स्वतः उचलायला कधीपासून. तो कागद बाबांच्या खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटवा. चौकशीला येणारे पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे उपाय सांगतील, तेव्हा बाबांना त्या कागदाकडं बोट दाखवता येईल.